बज्पेची टेकडी, भाड्याची मोटार आणि तुळुनाडूची बसदी

मंगळुरूचा विमानतळ गावात नाही. गावाच्या ईशान्येस बज्पे येथे डोंगराचा माथा सपाट करून त्यावर धावपट्टी आखलेली आहे. विमान उतरू लागले की खिडकीतून आधी लाल मातीच्या दऱ्या, नारळ-सुपारीच्या बागा आणि कौलारू घरे दिसतात, आणि मग अचानक धावपट्टी पायाखाली येते. मुंबईहून निघालेला प्रवासी साधारण दीड तासात येथे पोचतो. कोकणातल्या माणसाला ही भूमी परकी वाटत नाही. तोच जांभा दगड, तोच पाऊस, तीच फणसाची झाडे. महाराष्ट्रातील जुन्या घरांवरची मंगलोरी कौलेही याच मातीची. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरूजवळ जेप्पू येथे कौलांचा पहिला कारखाना काढला आणि तेथून ही कौले गलबतांतून मुंबईपर्यंत गेली.

या विमानतळाचे जैन यात्रेकरूच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे. येथून पंचवीस-तीस किलोमीटरवर मूडबिद्री, तेथून पुढे सतरा-अठरा किलोमीटरवर कारकळ, दुसऱ्या दिशेला वेणूर आणि आणखी पुढे धर्मस्थळ. दक्षिणेतील दिगंबर परंपरेची इतकी मोठी स्थाने इतक्या लहान परिघात अन्यत्र क्वचितच सापडतील. मोठी स्थाने पाहण्यासाठी यात्रा-कंपनीची बस पुरेशी होते. परंतु तुळुनाडूचे वैभव केवळ मोठ्या स्थानांत नाही. भातशेतीच्या कडेला, सुपारीच्या बागेआड, एखाद्या तळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या लहान लहान बसदींत ते विखुरलेले आहे. तेथे बस थांबत नाही. म्हणून विमानतळावरच मोटार भाड्याने घेऊन दोन-तीन दिवस या भागात फिरण्याची प्रथा अलीकडे व्यापारी कुटुंबांत रुजू लागली आहे. तिचा चांगला उपयोग कसा करावा, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

करार वाचून घेणे

व्यापारी घरात मुलाला पहिला धडा मिळतो तो कागद वाचल्याशिवाय सही न करण्याचा. मोटार भाड्याने घेताना हाच धडा उपयोगी पडतो. स्वतः चालवण्यासाठी कायदेशीररीत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी असून तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली, तर ती नाकारणेच शहाणपणाचे. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि वाचलेल्या चार पैशांपायी मोठे नुकसान पदरी येते.

करारात चार गोष्टी विशेष पाहाव्यात. पहिली, दिवसाला किती किलोमीटर भाड्यात धरलेले आहेत आणि त्यापुढे काय दर लागतो. दुसरी, इंधनाचा हिशोब. गाडी जितक्या इंधनासह मिळाली तितक्याच इंधनासह परत करायची, हा व्यवहार सर्वांत स्वच्छ. तिसरी, अनामत रक्कम किती आणि ती किती दिवसांत परत मिळणार. चौथी, अपघात झाल्यास ग्राहकाच्या वाट्याला किती रक्कम येते. केरळची हद्द येथून जवळ आहे. त्यामुळे राज्याबाहेर गाडी नेण्याचा विचार असेल तर परवान्याचे आधीच विचारून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंची, काचांची, टायरांची आणि किलोमीटर दाखवणाऱ्या काट्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. जुना ओरखडा नव्या ग्राहकाच्या खात्यावर चढू नये, यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

जैन कुटुंबाने आणखी एक गोष्ट विचारावी. काही गाड्यांची आसने आणि चाकाचे आवरण चामड्याचे असते. कापडी आसनांची गाडी मागितल्यास बहुधा मिळते, मात्र ती आगाऊ सांगावी लागते. बसदीत प्रवेश करताना कमरेचा पट्टा आणि पाकीटही गाडीत ठेवावे लागते, हे लक्षात असलेले बरे.

स्वतः गाडी चालवावी की चालक घ्यावा, याचे उत्तर घराघरांत वेगळे असेल. घरात वृद्ध मंडळी असतील, घाटातील वळणांची सवय नसेल, तर स्थानिक चालक घेण्यात कमीपणा नाही. त्याला तुळू आणि कन्नड येते, लहान बसदीची किल्ली कोणत्या घरी असते हे तो विचारू शकतो. मात्र त्याच्या जेवणाची आणि विश्रांतीची वेळ पाळणे हे यजमानाचे कर्तव्य. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत एकाच माणसाला चाकाशी बसवणे हे अहिंसेत बसत नाही.

सोलापूरहून आलेला रस्ता

बज्पेहून खाली उतरून मूडबिद्रीकडे निघालेली गाडी गुरुपुर-कैकंब भागात मुख्य महामार्गाला लागते. आज या मार्गाचा क्रमांक १६९ आहे. जुन्या क्रमांकपद्धतीत तो राष्ट्रीय महामार्ग १३ होता, आणि त्याची दोन टोके होती सोलापूर आणि मंगळुरू. विजापूर, होसपेट, चित्रदुर्ग, शिवमोग्गा, कारकळ, मूडबिद्री असा तो येत असे. सोलापूर आणि मूडबिद्री यांना जोडणारा हा रस्ता आखण्याच्या कितीतरी आधी या दोन गावांत एक वेगळाच मार्ग तयार झाला होता. त्याची हकिकत प्रत्येक जैन व्यापारी कुटुंबाने मुलांना सांगावी अशी आहे.

मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत, जिला गुरू बसदी असेही म्हणतात, ताडपत्रांवरील काही पोथ्या शतकानुशतके जपून ठेवलेल्या होत्या. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांच्या षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका, तसेच जयधवला आणि महाधवला, हे ते ग्रंथ. भाषा प्राकृत आणि संस्कृत, लिपी जुनी कन्नड. यात्रेकरू येत, दुरून पोथ्यांचे दर्शन घेत, नमस्कार करीत आणि निघून जात. ग्रंथ पूज्य होते, पण वाचले जात नव्हते. ताडपत्र अमर नसते. कीड, दमट हवा आणि काळ यांपुढे ते हळूहळू झिजते. या प्रती नष्ट झाल्या असत्या तर ते सारे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले असते.

१८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यात्रेसाठी मूडबिद्रीस आले. त्यांनी पोथ्यांचे दर्शन घेतले आणि त्यांची अवस्थाही पाहिली. परत गेल्यावर त्यांनी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना ही गोष्ट कळवली. हिराचंद शेठ ‘जैन बोधक’ मासिकाचे संस्थापक, स्वतः विद्याव्यासंगी. तेही पुढे मूडबिद्रीस जाऊन आले. या दोघा व्यापाऱ्यांनी प्रयत्न चालू ठेवले. मूडबिद्रीच्या पंचांची संमती मिळवणे, जुनी लिपी जाणणारा विद्वान शोधणे, वर्गणी गोळा करणे, यांत बारा-तेरा वर्षे गेली. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि त्यांच्यासोबत गजपती उपाध्याय यांनी १८९६ च्या सुमारास प्रती करण्यास आरंभ केला. हे लेखन वीस वर्षांहून अधिक काळ चालले.

पुढचा टप्पा विदर्भातला. अमरावतीच्या महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचे संपादन हाती घेतले. पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि एकूण सोळा खंड १९५८ पर्यंत पूर्ण झाले. एका व्यापाऱ्याच्या यात्रेपासून पहिल्या मुद्रित खंडापर्यंत पन्नासहून अधिक वर्षे लोटली. माणिकचंद शेठ किंवा हिराचंद शेठ यांपैकी कोणीही तो खंड पाहायला उरले नव्हते.

या हकिकतीला आणखी एक धागा आहे. हिराचंद शेठांचे पुत्र म्हणजे उद्योगपती वालचंद हिराचंद. वालचंदांनी १९४० साली बंगळुरूत विमानांचा कारखाना उभा केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारी बनवणारी कंपनी स्थापन केली. आजचा यात्रेकरू विमानाने बज्पेला उतरतो आणि मोटारीने मूडबिद्री गाठतो. ही दोन्ही वाहने या देशात घडावीत म्हणून झटलेल्या माणसाचे वडील याच गावी आले, ते बैलगाडी आणि बोटीच्या काळात.

मूडबिद्री

मूड म्हणजे पूर्व आणि बिदिरु म्हणजे बांबू. पूर्वेकडील बांबूच्या बनाचे हे गाव. त्या बनात वाघ आणि गाय एकत्र खेळताना एका मुनींना दिसले, तेथे शोध घेता भगवान पार्श्वनाथांची मूर्ती सापडली, आणि त्या जागी गुरू बसदी उभी राहिली, अशी कथा गावात सांगतात. अठरा बसदींमुळे या गावाला जैन काशी म्हणतात.

त्यांत सर्वांत मोठी त्रिभुवन तिलक चूडामणी बसदी, म्हणजेच हजार खांबांची बसदी. १४३० साली स्थानिक अधिपती देवराय वडेयर यांच्या आश्रयाने ती उभी राहिली. तिच्या वाढीत सेट्टी व्यापाऱ्यांचा वाटा होता, असे शिलालेखांवरून कळते. गाभाऱ्यात भगवान चंद्रप्रभांची पंचधातूची मूर्ती आहे. इमारत तीन मजली. खालचा भाग दगडी, वरच्या मजल्यांत लाकूड, आणि छपरे एकावर एक उतरती. पाहणाऱ्याला नेपाळची आठवण होते. वर्षातून चार महिने कोसळणाऱ्या पावसाला सुताराने आणि पाथरवटाने शोधलेले हे उत्तर आहे. खांबांपैकी कोणत्याही दोहोंवरची नक्षी सारखी नाही, असे सांगतात. ते पडताळून पाहण्यात मुलांचा एक तास आनंदात जातो. जोत्यावरील कोरीव कामात जिराफ आणि चिनी धर्तीचा ड्रॅगन दाखवला जातो. मिरी आणि तांदूळ घेऊन जाणारी गलबते येताना काय काय पाहून येत असत, याचा तो पुरावा मानतात.

बसदीपासून जवळच चौट राजांचा जुना वाडा आहे. त्याच्या लाकडी खांबांवर नऊ स्त्रियांच्या आकृतींतून साकारलेला हत्ती आणि पाच स्त्रियांतून साकारलेला घोडा कोरलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी झुंजलेली उल्लाळची राणी अब्बक्का याच जैन चौट घराण्यातील. या घराण्यात वारसा मामाकडून भाच्याकडे जाई, आणि स्त्रीलाही गादी मिळे. घरातील मुलींना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

मुक्कामासाठी मूडबिद्री सोयीची. मठाकडे आगाऊ कळवल्यास राहण्या-जेवण्याची चौकशी करता येते. तेथे जेवणाच्या वेळा सांभाळल्या जातात, हा मोठा लाभ.

कारकळ आणि वरंग

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघावे. कारकळच्या खडकाळ टेकडीवर भगवान बाहुबलींची सुमारे ४२ फूट उंचीची एकसंध मूर्ती उभी आहे. १४३२ साली वीर पांड्य भैररस यांनी तिची प्रतिष्ठा केली. इतका अवजड पाषाण टेकडीवर कसा नेला असेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अनेक चाकांच्या गाड्यांवर ठेवून हजारो माणसांनी तो ओढला, अशी परंपरा सांगते. ऊन चढण्यापूर्वी पायऱ्या चढणे वृद्धांना सोपे जाते, कारण अनवाणी पायांना दहानंतर खडक पोळू लागतो.

समोरच्या टेकडीवर १५८६ साली बांधलेली चतुर्मुख बसदी आहे. चारही दिशांना सारखेच दार, आणि प्रत्येक दारातून अरनाथ, मल्लिनाथ आणि मुनिसुव्रत या तीन तीर्थंकरांचे दर्शन. कोणत्याही दिशेने येणाऱ्याला देव सन्मुखच भेटतो. तेथून गावातील हिरियंगडीचा मानस्तंभ पाहून पुढे जावे.

कारकळहून हेब्रीच्या दिशेने साधारण पंचवीस किलोमीटरवर वरंग आहे. येथील केरे बसदी तळ्याच्या मधोमध उभी आहे. केरे म्हणजे तळे. काठावरून लहान होडीने जावे लागते. होडीत थोडीच माणसे बसतात, म्हणून बाकीच्यांना काठावर थांबावे लागते. मागे सह्याद्रीची रांग, पाण्यात कमळे, आणि वल्ह्याखेरीज दुसरा आवाज नाही. बसने फिरणाऱ्या यात्रेत हे ठिकाण बहुधा गाळले जाते.

या रस्त्यावर आणि आडवाटांवर कित्येक लहान बसदी आहेत. तुळुनाडूत जैन पुजाऱ्याला इंद्र म्हणतात. पुष्कळ ठिकाणी इंद्रांचे एकच कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांभाळते. तरुण मुले मंगळुरू, बंगळुरू किंवा आखाती देशांत गेलेली असतात. छप्पर गळू लागले, तुळई कुजली, तर दुरुस्तीचा भार उचलायला गावात जैन घरे मोजकीच उरलेली असतात. यात्रेकरूंचा ओघ मोठ्या स्थानांकडे, आणि दानाचा ओघही तिकडेच. भाड्याच्या मोटारीचा खरा उपयोग येथे होतो. रस्त्याकडेची पाटी दिसली की थांबता येते, इंद्रांच्या घरी जाऊन किल्ली मागता येते, दहा मिनिटे बसून छपराची, मूर्तीची, पोथ्यांची चौकशी करता येते. दान द्यायचे ते विचारून, पावती घेऊन, आणि शक्यतो विशिष्ट कामासाठी द्यावे. परत आल्यावर आपल्या संघात त्याची माहिती सांगावी. माणिकचंद शेठांनीही याहून वेगळे काही केले नव्हते. जे पाहिले ते त्यांनी योग्य माणसाला कळवले आणि पाठपुरावा सोडला नाही.

वेणूर, धर्मस्थळ आणि परतीची वाट

तिसऱ्या दिवशी वेणूर घ्यावे. फल्गुनी नदीच्या काठी १६०४ साली तिम्मण्ण अजिल यांनी ३५ फूट उंचीची बाहुबली मूर्ती स्थापन केली. कारकळच्या राजाला ही स्थापना रुचली नाही, युद्ध ओढवले, तेव्हा अजिलांनी मूर्ती नदीच्या वाळूत पुरून वाचवली, अशी आख्यायिका आहे. त्यागाच्या मूर्तीसाठी दोन जैन राजांनी लढावे, यातील विसंगती लहान मुलांच्याही लक्षात येते. तिच्यावर गाडीत चर्चा होऊ द्यावी.

पुढे धर्मस्थळ. येथील मंजुनाथ हे शिवाचे देवस्थान. पूजा करणारे वैष्णव आणि धर्माधिकारी जैन, अशी तेथील परंपरा आहे. रत्नगिरी टेकडीवरील ३९ फुटी बाहुबली मूर्तीची प्रतिष्ठा १९८२ साली झाली. अन्नछत्रात रोज हजारो माणसे जेवतात. जुन्या मोटारींचे एक संग्रहालयही येथे आहे. मुलांचा पाय तेथून निघत नाही.

आहाराबाबत या भागात फार अडचण येत नाही. नीर डोसा हा तांदळाचा पातळ, घावनासारखा पदार्थ, आणि केवड्याच्या जातीच्या पानांत वाफवलेली मूडे नावाची इडली सहज मिळते. सांबारात कांदा आणि डोशाच्या भाजीत बटाटा असतो, म्हणून आधी सांगावे. कन्नडमध्ये कांदा ईरुळ्ळी, लसूण बेळ्ळुळ्ळी, बटाटा आलुगड्डे, आणि नको म्हणजे बेड. एवढे चार शब्द पाठ असले की काम भागते. हिवाळ्यात सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी पाचपर्यंत मुक्कामी पोचण्याचा बेत ठेवावा. त्यातून आपोआप दुसरे हितही साधते. अंधारात या वळणांवर गाडी चालवावी लागत नाही. काचेवर आपटून मरणारे कीटक, रस्ता ओलांडणारी जनावरे आणि माणसाचा जीव, तिन्ही वाचतात.

याच महामार्गांवर कधी मुनिसंघ किंवा साध्वीजी विहार करताना दिसतात. पहाटेच्या अंधुक प्रकाशात, डांबराच्या कडेने चालणाऱ्या या पावलांना भरधाव वाहनांपासून मोठा धोका असतो. संघ दिसताच वेग कमी करावा, भोंगा वाजवू नये, अंतर राखून पुढे जावे. वंदनासाठी थांबायचे असल्यास गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभी करावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासाला उत्तम. पावसाळ्यात निसर्ग देखणा असतो, पण घाटवाटा निसरड्या होतात. धर्मस्थळहून बज्पे सुमारे सत्तर किलोमीटर आहे. विमानाच्या वेळेआधी चार तास तरी निघावे. वाटेत इंधन भरून पावती जपून ठेवावी, गाडी परत करताना पुन्हा छायाचित्रे काढावीत, आणि अनामत रकमेची नोंद लिहून घ्यावी. त्याच वहीत, हिशोबाच्या खालच्या पानावर, वाटेत पाहिलेल्या लहान बसदींची नावे, गावे आणि तेथे काय दुरुस्ती हवी ते लिहिलेले असावे. घरी पोचल्यावर अनामत रकमेची चौकशी जितक्या तत्परतेने होते, तितक्याच तत्परतेने त्या दुसऱ्या पानाचीही व्हावी.